भावा, टेन्शन घ्यायचं नाही

आयटीआय पास झालास, म्हणजे पोराचं आता भागलं असं घरच्यांना वाटतंय. वाटू दे. तू सकाळी सातच्या आत कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीच्या गेटवर हजर राहा. कंपनीत चिकटायचं नसतं, ठेकेदाराकडं चिकटायचं असतं, हे पहिल्याच दिवशी डोक्यात घे. तो तुला फेटलिंगला टाकेल. ग्राइंडर धरून दिवसभर कास्टिंगच्या कडा घासायच्या. रात्री नाक शिंकरलंस की काळं येईल. घाबरू नकोस, माल कंपनीचा असला तरी त्याचे पैसे पगारातून कापत नाहीत.

वर्षात 240 दिवस भरले की कायम होण्याचा हक्क मागता येतो, असं एखादा जुना युनियनवाला कानात सांगेल. ठेकेदाराला हा आकडा तुझ्याआधीच पाठ आहे. म्हणून तर सात महिने झाले की तो न मागता ब्रेक देतो, म्हणजे काही दिवस घरी बसवतो. जोतिबाला जाऊन ये, पायीच जा.

ब्रेक लांबला तर सरकार आहेच. 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली: बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआयवाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिन्यांची होती, पुढं अकरा केली. बाराव्या महिन्याचं बाराव्या महिन्यात बघू.

नाहीतर भरती. पोलिसासाठी 1600 मीटर पळायचं, 7.26 किलोचा गोळा टाकायचा. अग्निवीर झालास तर चार वर्षांनी जास्तीत जास्त चौघांतला एक आत राहणार. ग्रुप चौघांचाच असेल तर आत्ताच चिठ्ठ्या टाकून घ्या, उगाच नंतर भांडणं नकोत.

वाढदिवसाला मात्र हात आखडायचा नाही. चौकात डिजिटल बोर्ड लागलाच पाहिजे. मधे गॉगल लावलेला तू, खाली शुभेच्छुकांचे फोटो, वर 'नाद खुळा'. त्यातल्या निम्म्यांचे गाडीचे हप्ते थकलेत, पण फोटो असा काही गोरा करून देतात की फायनान्सच्या वसुलीवाल्यालाही ओळख पटत नाही.

लग्नाचं विचारतोस? मुलीकडचे 'पर्मनंट हाय काय' विचारतील. 'कंपनीत हाय' म्हणायचं आणि चहा पुढं करायचा. (त्यांना जावई पुण्यातला पाहिजे असतो. चाकणला एका खोलीत सहा जणांत झोपणारा चालतो, कोल्हापुरात मंगळवार पेठेत बापाच्या घरात राहणारा चालत नाही.)

आणि एक. ग्रुपमधला कुणीतरी लवकरच ठेकेदाराचा सुपरवायझर होईल. त्याच्यावर जळू नकोस. गेटवर त्याला 'साहेब' म्हण, संध्याकाळी रंकाळ्यावर 'मर्दा' म्हण, भेळेचे पैसे तूच दे. तुझा ब्रेक तुला आठ दिवस आधी कळेल. बाकीच्यांना तो सकाळी गेटवर वॉचमननं अडवल्यावर कळतो.