‘छापून काय होतं?’ या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज अधूनमधून फिरत येतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘बातमी छापून काही होत नाही, चार दिवस चर्चा आणि पाचव्या दिवशी सगळं थंड. मोठी प्रकरणं बाहेर काढते ती दिल्ली-मुंबईची मीडिया. तालुक्याचा पत्रकार म्हणजे पाकीट. आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग पत्रकार हवाय कशाला?’ खाली टाळ्यांची रांग. यातली एक तक्रार बरीचशी खरी आहे, तिच्याकडे येतोच. बाकीच्या तीन टिकत नाहीत.

‘चार दिवस चर्चा, मग थंड.’

हरियाणात सिरसा नावाचं जिल्ह्याचं शहर आहे. तिथे रामचंद्र छत्रपती ‘पूरा सच’ हे सायंदैनिक चालवायचे. मे २००२ मध्ये त्यांनी एका साध्वीचं निनावी पत्र छापलं. पंतप्रधानांना लिहिलेल्या त्या पत्रात आरोप होता की डेरा सच्चा सौदा या पंथाचा प्रमुख गुरमीत राम रहीम आश्रमातल्या साध्वींवर बलात्कार करतो. डेऱ्याचं मुख्यालय त्याच सिरशात. निवडणूक आली की पुढारी तिथे दर्शनाला रांग लावणार, अशी त्याची वट. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. २४ ऑक्टोबरला छत्रपतींवर त्यांच्या घरापाशी गोळ्या झाडण्यात आल्या. २१ नोव्हेंबरला ते गेले.

ऑगस्ट २०१७ मध्ये पंचकुलाच्या विशेष न्यायालयाने राम रहीमला दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरवलं, एकूण २० वर्षांची शिक्षा सुनावली. मधे पंधरा वर्षं गेली. श्रेय एकट्या ‘पूरा सच’चं नाही. दबाव झेलत साक्षीवर ठाम राहिलेल्या त्या दोघींचं धैर्य सगळ्यांत मोठं. आणि शिक्षा झाल्यावरही हा माणूस वारंवार पॅरोलवर बाहेर येतो, हेही खरं. पण ‘पाचव्या दिवशी थंड’ हे या प्रकरणाचं वर्णन नक्कीच नव्हे.

बातमीने काही होत नाही, यावर ज्यांच्याविरुद्ध ती छापली जाते त्यांचा मात्र विश्वास दिसत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोकणातल्या राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ६ तारखेच्याच सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये त्यांची बातमी होती, तिथल्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या (रिफायनरीच्या) बाजूने असलेल्या एका जमीन व्यावसायिकाबद्दल. गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली ती त्याच माणसाला, आणि गुन्हा खुनाचा दाखल झाला. छत्तीसगडच्या बिजापुरात पत्रकार मुकेश चंद्राकर यांनी रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार पुढे आणला. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला.

‘मोठी प्रकरणं दिल्ली-मुंबईच काढते.’

सिरशात दिल्लीच्या ओबी व्हॅन रांगेने उभ्या राहिल्या त्या २०१७ मध्ये, निकालाच्या वेळी. यावर आणखी शाई खर्च करायची गरज नाही.

‘तालुक्याचा पत्रकार म्हणजे पाकीट.’

ही ती खरी तक्रार. बातमी दाबायचे पैसे घेणारे आहेत, यूट्यूब चॅनलचा माइक दाखवून ठेकेदाराकडे जाणारेही आहेत. गावात त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पण हे फक्त तालुक्यात चालतं, हे कोणी सांगितलं? २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं जे प्रकरण गाजलं, ज्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अहवाल लिहिला, त्यात लाखोंचा खप असलेली वर्तमानपत्रं होती.

तालुका वार्ताहराला अनेक ठिकाणी पगार नसतोच. असतं ते जाहिरातीवरचं कमिशन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि नेत्याचा वाढदिवस, या तीन हंगामांवर त्याचं घर चालतं, आणि जाहिरात देणारा सभापती तोच, ज्याच्या टाकीचं निकृष्ट काम छापायचं असतं. तरीही जो छापतो त्याचं मला कौतुक वाटतं. घरबसल्या मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं वाटत नाही.

पैशाचं हे दुखणं आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनचं ‘गॅझेट-मेल’ हे स्थानिक वर्तमानपत्र. त्याचे बातमीदार एरिक आयर यांनी औषध वितरकांच्या मालाची दडवलेली आकडेवारी मिळवली. केरमिट या ३९२ वस्तीच्या गावातल्या एकाच औषध दुकानात दोन वर्षांत जवळपास ९० लाख वेदनाशामक गोळ्या आल्या होत्या. राज्यभरात सहा वर्षांत ७८ कोटी. नशेची साथ कुठून आली, याचं उत्तर त्या कागदांत होतं. २०१७ मध्ये या कामाला पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला. २०१८ च्या जानेवारीत पेपरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘मोबाइल आहे की!’

ऑगस्ट २०१९, उत्तर प्रदेशातला मिर्झापूर जिल्हा. सरकारी शाळेत पोरांना पोषण आहार म्हणून मीठ-पोळी वाढली जात होती. पवन जायसवाल या ‘जनसंदेश टाइम्स’च्या बातमीदाराने मोबाइलवरच त्याचं चित्रण केलं. आधी जबाबदार लोक निलंबित झाले, मग प्रशासनाने उलटा जायसवालांवरच गुन्हा दाखल केला. जिल्हाधिकारी म्हणाले, हा छापील पेपरचा पत्रकार, याने फोटो काढायचा, व्हिडिओ कशाला? (अशी उत्तरं सुचायला स्पर्धा परीक्षा द्यावी लागते.) देशभर ओरड झाली, प्रेस कौन्सिलने दखल घेतली, आणि काही महिन्यांनी पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं. मोबाइल त्या गावात इतरांकडेही होताच.

आणि सगळंच काही कॅमेऱ्यात दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या बेल या सुमारे ३७ हजार वस्तीच्या गरीब शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेत होता. नगर परिषदेच्या बैठकांना कोणी बातमीदार फिरकत नव्हता. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे दोन बातमीदार शेजारच्या गावाची माहिती काढताना तिथे पोचले आणि कायद्याने मिळणारी कागदपत्रं मागून बसले. पुढे त्या प्रशासकाला १२ वर्षांची शिक्षा झाली. पगारपत्रकाचा व्हिडिओ काढून कोणी टाकत नसतं. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तर आल्यावर झालेल्या कामाच्या नोंदींची मोजमाप पुस्तिका वाचता यावी लागते, आणि न आल्यास अपिलाच्या तारखांना हेलपाटे घालावे लागतात.

पत्रकार चुकतात का? चुकतात. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप छापले, आणि ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. वर्तमानपत्राच्या अंकात संपादकाचं आणि प्रकाशकाचं नाव आजही छापावंच लागतं, ते यासाठीच: मजकूर खोटा निघाला तर कोर्टात कोणाला उभं करायचं, हे आधीच ठरलेलं असतं.