समुद्राचा अंदाज किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि माणसं बुडतायत

परत आला तो मेसेज. "सावधान, समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार, किनाऱ्यावर जाऊ नका." खाली लाल दिवे, फोटो मरीन ड्राइव्हचा, आणि सकाळपासून नातेवाईकांच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. बहुतेक मागच्या पावसाळ्यातलाच असणार, तारीख काढून टाकलेली. आणि आम्ही राहतो रत्नागिरीत! फोटो मुंबईचा, आकडा मुंबईचा, आणि घाबरायचं इथल्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी. डोकं फिरतं माझं, खरंच.

अरे बाबांनो, ती साडेचार मीटरची लाट नसते. ती भरतीची उंची असते. किनाऱ्यावर एक ठरलेली खूण धरलेली असते, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीची, तिथून पाणी किती वर चढणार त्याचा तो आकडा. आणि ते पाणी सहा तास घेत हळूहळू चढतं, भिंत बनून अंगावर येत नाही. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, साडेचार मीटर ही नेहमीची गोष्ट आहे, तिथे त्याची यादी काढतात कारण त्याच वेळेला मोठा पाऊस आला तर नाल्यातलं पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही आणि शहर तुंबतं. म्हणजे कामाचीच यादी आहे ती. पण चॅनेलवाले त्या यादीतले आकडे उचलतात, त्याला "लाटा उसळणार" चिकटवतात आणि दिवसभर तेच खाली पट्टीत फिरवत बसतात. दर वर्षी. एकालाही उठून एका तांडेलाला, म्हणजे मच्छीमार होडीच्या कप्तानाला, फोन करून विचारावंसं वाटत नाही.

आमच्याकडे तर भरती मुळात मुंबईएवढी चढतच नाही, जसजसं खाली गोव्याकडे जाल तसतशी अजून कमी होते, आणि वेळही वेगळी, आमच्याकडे आधी भरते. मुंबईचा आकडा आणि मुंबईची वेळ इकडे पाठवून काय मिळतं? मिळतं एवढंच की माणूस रविवारी किनाऱ्यावर येतो, बघतो तर कमरेएवढी लाट, मनात म्हणतो हे सगळं थापा असतात, आणि उतरतो पाण्यात. पुढच्या वेळेला खरा इशारा आला तरी तो ऐकत नाही. माझा सगळ्यात जास्त संताप इथे होतो, की तुम्ही खोट्या आकड्याने खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवताय आणि त्याची किंमत दुसरीच कोणीतरी माणसं भरतायत.

आणि खरा अंदाज नसतो असं नाही ना! तो असतो, चांगला असतो. हैदराबादला इन्कॉइस आहे, केंद्र सरकारचीच संस्था, तिथले लोक रोज समुद्राचा अंदाज काढतात, लाटेची उंची किती, दिशा कुठली, दोन लाटांमध्ये किती सेकंद, वारा किती. सगळं फुकट, नेटवर. आम्ही सर्फिंग करणारी पोरं रोज रात्री तेच बघून झोपतो, कारण सकाळी बोर्ड घेऊन जायचं का नाही ते त्याच्यावर ठरतं. मग हा अंदाज हैदराबादहून निघाल्यावर भाट्याच्या वाळूपर्यंत यायच्या आत मरतो कुठे? जिल्ह्याच्या ऑफिसात पोचतो, तिथून पत्र निघतं, पत्र ग्रामपंचायतीत जातं, आणि तिथून पुढे कोणाच्या तरी मोबाईलवर "समुद्रात जाऊ नये" एवढी एकच ओळ उरते. अख्ख्या किनारपट्टीला एकच ओळ. उंची गेली, सेकंद गेले, दिशा गेली, वेळ गेली. अरे, उरलं काय मग त्याच्यात?

सेकंद म्हणजे काय ते कोणालाच सांगावंसं वाटत नाही आणि खरा सगळा खेळ तिथेच आहे. समजा दीड मीटरची लाट आहे आणि दोन लाटांमध्ये सहा सेकंद आहेत, तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली किरकोळ खळबळ, दोन शेंड्यांमधलं अंतर खोल पाण्यात पन्नास-साठ मीटर. तीच दीड मीटरची लाट पंधरा सेकंदांची असली तर ते अंतर साडेतीनशे मीटर होतं! एवढं पाणी हलत येतं, किनाऱ्याजवळ उथळ झालं की ते वर चढतं आणि जिथे सकाळपासून वाळू कोरडी होती तिथपर्यंत एकदम पोचतं. उंचीचा आकडा दोन्हीकडे सारखाच, दीड मीटर. आता सांगा, नुसती उंची सांगून तुम्ही कोणाला सावध केलंत? आणि ती उंची पण सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे मधूनच एखादी त्याच्या दुप्पटीच्या जवळ जाणारी येणारच, हे पण कुठे लिहिलेलं नसतं.

या मोठ्या सेकंदांच्या लाटा इथल्या नसतातच. त्या उठतात खाली, पार हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, तिकडच्या वादळांमधून, आणि हजारो किलोमीटर कापत येतात. पंधरा सेकंदांच्या लाटांचा ताफा तासाला साधारण चाळीस किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे इथे यायला पाच-सहा दिवस लागतात. पाच-सहा दिवस! एवढा वेळ हातात असतो सांगायला. इथे तेव्हा आकाश निळं, वारा नाही, ऊन कडक, फोनवर गोल पिवळा सूर्य. आणि लाटा गटाने येतात, मधली काही मिनिटं पाणी अगदी गरीब असतं, पोराला घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिलेली आई फोटोसाठी किनाऱ्याकडे तोंड करते आणि मागून गट येतो. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि तिकडच्या बातम्यांमध्ये त्याच नावाने इशारा येतो. 2024 च्या मे महिन्यात कन्याकुमारी जिल्ह्यात मेडिकलची पाच पोरं अशीच गेली, इशारा दिलेला होता. इशारा होता! तरीही जीव वाचले नाहीत, एवढंच. आणि आपल्याकडे अशी बातमी आली की ठरलेलं वाक्य छापून येतं, "पर्यटकांचा अतिउत्साह नडला". राग येतो हो. पुण्याहून, कोल्हापूरहून, सोलापूरहून आलेल्या माणसाला समुद्र कसा कळणार, तो काय समुद्राकाठी जन्मलाय का? त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे ना. सांगायचं काम ज्याचं, तो पगार घेऊन गप्प, आणि दोष मेलेल्या माणसाचा.

किनाऱ्यावरचा बोर्ड बघा एकदा. "समुद्रात पोहणे धोकादायक आहे." अर्धा गंजलेला, मधली अक्षरं उडालेली. जानेवारीत तोच, मे महिन्यात तोच, जुलैत समुद्र खवळून दगडी बंधाऱ्यावर आपटत असतो तेव्हा पण तोच. जो बोर्ड वर्षभर एकच सांगतो तो कोण वाचणार? जानेवारीत सकाळी भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत पाणी तळ्यासारखं असतं, तेव्हा पण धोकादायक लिहिलंय, मग माणूस म्हणतो की यांचं नेहमीचंच आहे.

आणि रेड अलर्टची गंमत नाही, चीड येते. हवामान खात्याचे ते रंग पावसाचे असतात, चोवीस तासांत दोनशे चार मिलिमीटरच्या वर पाऊस पडायची शक्यता असली की लाल लागतो. लागला की किनारे बंद, ठीक आहे, करा बंद, त्याला माझं काहीच म्हणणं नाही. पण आकाश स्वच्छ असताना खालून मोठ्या सेकंदांच्या लाटा येतायत त्या दिवशी पावसाचा रंग हिरवा असतो, आणि हिरवा बघून सगळे मोकळे! हॉटेलवाला गिऱ्हाईकाला सांगतो, काही नाही हो, ग्रीन आहे. अरे तो पावसाचा ग्रीन आहे रे. समुद्राचा इशारा वेगळा निघतो, वेगळ्या ठिकाणहून निघतो, आणि तो कोणी बघत नाही.

फोनवरच्या अ‍ॅपचं तर बोलायलाच नको. अ‍ॅप सांगतं एकोणतीस डिग्री, पाऊस वीस टक्के. लाटा दाखवणारी अ‍ॅप चांगली असतात, मी वापरतो, पण त्यांचा आकडा असतो बाहेर खोल पाण्यातल्या एका ठिपक्याचा. काजळी नदीच्या तोंडाशी या वर्षी वाळूचा बांध कुठे सरकलाय ते त्याला माहीत नाही. दोन बांधांच्या मधून पाणी कुठे परत समुद्राकडे ओढतंय ते त्याला माहीत नाही. आणि सगळ्यात वाईट हे की ती ओढीची जागा लांबून शांत दिसते, तिथे लाट फुटत नाही, पाणी जरा गडद असतं, म्हणून बायकापोरांना घेऊन माणसं नेमकी तिथेच उतरतात. आम्ही ओरडतो, शिट्ट्या मारतो, कोणी ऐकतं, कोणी म्हणतं तुम्ही कोण सांगणारे. बरोबरच आहे, आमच्या अंगावर युनिफॉर्म नाही. पण माणूस ओढला गेला की बोर्ड घेऊन आत जायला मात्र आम्हीच पोरं, नाहीतर जवळ होडी असलेला कोणीतरी खारवी, म्हणजे मच्छीमार.

आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या जुन्या तांडेलांना हे सगळं तोंडपाठ आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अंदाजे, पण चालतं. उधाण कधी, भांग कधी, मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, कधी पडणार आणि समुद्राकडून येणारा खारा वारा किती वाजता चढणार, सगळं. एका काकांना मी विचारलं की तुम्हाला कधी कोणी मीटिंगला बोलावलं का, किनारा सुरक्षा वगैरेच्या, तर म्हणाले, "मला कशाला बोलावतील? माझ्याकडे पीपीटी नाही." चिडून म्हणाले. आणि चिडायलाच पाहिजे त्यांनी.

काय मागतोय आम्ही? एक काळा फळा. रोज सकाळी सात वाजता त्याच्यावर खडूने लिहायचं, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, लाट किती, सेकंद किती, वारा कुठला, आज ओढ कुठे आहे. आणि तो लिहिणारा आणि दिवसभर झेंडा घेऊन उभा राहणारा गावातलाच पोहता येणारा एक पोरगा, वर्षभर पगारावर, सीझनपुरता चार महिने नाही. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, झेंडे आहेत, लाल झेंड्याच्या पट्ट्यात गेलात तर शिट्टी वाजते आणि बाहेर काढतात. गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल नदी ओलांडली की दुसरा समुद्र लागतो का? तोच समुद्र आहे, त्याच लाटा आहेत. इकडे पैसे नाहीत म्हणतात आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर गावाच्या नावाची मोठी मोठी रंगीत अक्षरं उभी राहतायत, रात्री पेटणारी, सेल्फीसाठी. एका सेल्फी पॉइंटच्या पैशात फळा, झेंडे, दोरी, ट्यूब आणि एका पोराचा पगार सहज निघेल. आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं नाही. परत दिला, तर "वरिष्ठांकडे पाठवला आहे".

आणि आता हा रविवार. मे महिन्यातला शेवटचा रविवार, सगळी हॉटेलं फुल्ल, पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि खालून लांब सेकंदांच्या लाटा यायला लागल्यायत. 2025 ला तर पाऊस 26 मे लाच मुंबईत पोचला होता, तळकोकणात त्याच्याही आधी, सुट्टीवर आलेली माणसं किनाऱ्यावर असतानाच. यंदा अजून आकाश कोरडं आहे, त्यामुळे कोणालाच काही वाटणार नाही. सोमवारपासून 31 जुलैपर्यंत इंजिनच्या होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या असणार, म्हणजे कोणी बुडायला लागलं तर आत जाणारी जी एखादी होडी होती ती पण नाही.

फळा लागलेला नाही म्हणून इथेच लिहितो. रविवारी भरती पूर्ण होईल साधारण सव्वा अकराच्या आसपास, त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाणी उतरत राहणार, म्हणजे तुम्ही जेवून येणार तेव्हापासून साधारण सव्वापाचपर्यंत नेमकं पाणी बाहेर ओढणारं, आणि उधाणाचं असल्यामुळे जोरात. त्या वेळेत खाडीच्या तोंडाकडे, पुलाच्या बाजूला अजिबात उतरायचं नाही, गुडघ्याएवढं असलं तरी नाही. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. उतरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत उभे राहा, मोठा गट येऊन जाऊ दे, पाणी कुठपर्यंत चढतंय ते डोळ्यांनी बघा. लाटा फुटतायत पण मधेच एका पट्ट्यात फुटत नाहीयेत, तो पट्टा सोडा. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर आडवे पोहा, ओढ सुटली की मग आत या, आणि हात वर करा, आम्ही सकाळी सहापासून भाट्यालाच आहोत.