सांडव्यावर पोती रचू नका

राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी भागात ओढा अडवून स्वतःच्या रानात मातीचा बंधारा घातलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. पाऊस जरा ओसरला की सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, मातीची पोती रचायची, दीड-दोन फूट पाणी जादा धरायचं आणि उसाला एखादी पाळी जास्त द्यायची, हे आता सर्रास चाललंय. माझ्या मते आपल्याकडच्या लहान बंधाऱ्यांचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

हिशेब करून बघा. २० हेक्टर पाणलोटावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर १४,००० घनमीटर पाणी येतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ३,९०० लिटर. सांडव्यावरून अर्धा मीटर उंचीनं पाणी जात असेल, तर मीटरभर रुंदीतून सेकंदाला ६०० लिटरच्या आसपासच निघतं. म्हणजे सांडवा साडेसहा मीटर रुंद हवा. तो तीनच मीटर असेल तर पाणी ८० सेंटिमीटरच्या वर चढतं. सांडव्याच्या तळापासून बांधाचा माथा मीटरभर उंच असला, तर हातात वीतभरही राहत नाही. त्यात अर्ध्या मीटरची पोती ठेवली की पाणी माथ्यावरूनच जाणार. मातीचा बांध ते सोसत नाही. बाहेरचा उतार खालून खचत वर येतो आणि बघता बघता भगदाड पडतं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळतो, तेव्हा रात्री पोती काढायला कोण जाणार? सांडव्यात माशांसाठी लावलेली जाळीही तशीच घातक, कारण पालापाचोळा अडकून तिची भिंत होते.

दुसरी धोक्याची जागा बांधाच्या पायथ्याची. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतोच, त्याची भीती नको. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. छोटा चर काढून पाझर एका नळीत घ्या, १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा आणि शेजारी तलावाची पातळीही लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली, तर थांबू नका.

गढूळ झरा दिसला की बहुतेक जण त्यावर चिकणमाती किंवा प्लॅस्टिक दाबतात. हे चूक आहे, कारण कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड, असं वजन टाकायचं; पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. सोबत सायफन किंवा पंपानं पातळी उतरवा, पण घाई नसेल तर दिवसाला फूटभराहून जास्त नको. भराभर उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो. बांध फोडून पाणी सोडायचं नाही, कधीच नाही.

गळती बहुधा बांधातून काढलेल्या पाइपाच्या कडेनं सुरू होते. पोकलेननं माती ओतली म्हणजे ती दबली असं होत नाही. पाइपाभोवती चार-सहा इंचांचा थर, ओलसर माती आणि ती ठोकायला हातातलं धुम्मस, याला पर्याय नाही. खेकड्यांची, घुशींची बिळं मे महिन्यातच उकरून चिकणमातीनं ठोकून भरा. बांधावर झाडं नकोत, गवत हवं. मोठं झाड आधीच वाढलेलं असेल तर नुसतं तोडू नका. मुळं कुजून पोकळी राहते, म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरवून मुळासकट काढून थराथरानं भरा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. आपल्या पाच-सात मीटरच्या बांधाकडे त्या कायद्यानं कुणी बघायला येणार नाही. भुदरगडातला मेघोलीचा तलाव सरकारी होता, तरी १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला आणि माणूस गेलं. तेव्हा खालच्या ओढ्याकाठची घरं, गोठे आणि मोटारीवर रात्री पाणी पाजायला जाणारी माणसं यांचे फोन नंबर आजच लिहून घ्या. गढूळ पाणी दिसलं की पहिला फोन त्यांना, मग पोलीस पाटलांना आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला.