लाइट गेली तर?

समुद्राचं प्लंबिंग कोणी केलं ते मला ठाऊक नाही, पण करणाऱ्याला एक मोठी सोय होती: त्याच्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं. पाणी हलवायचं काम चंद्रावर आणि वाऱ्यावर सोपवून तो मोकळा झाला. माझ्याकडे होती सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी, आणि तिच्यात प्रवाळ वाढवायची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. वजन असतं. ही टाकी काठोकाठ भरली तर ६८० लिटर पाणी बसतं, आणि समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड असल्यामुळे ते ७०० किलोच्या घरात जातं. दगड, वाळू आणि काच वेगळी.

माशांच्या टाकीला प्लंबिंग कशाला लागतं, असं विचारणारी माणसं सुखी असतात. त्यांना मी काही सांगायला जात नाही. बायकोनं विचारलं म्हणून तिला सांगावं लागलं. प्रवाळ हा प्राणी आहे, पण तो जागचा हलत नाही. खाणं त्याच्यापर्यंत आलं पाहिजे, ऑक्सिजन त्याच्यापर्यंत आला पाहिजे आणि त्यानं केलेली घाण दुसऱ्या कोणीतरी उचलून नेली पाहिजे. एवढं ऐकून तिनं सोफ्यावर पसरलेल्या माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की पुढचं मी उठून बसून सांगितलं.

पुढचं असं, की प्रवाळाच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. सगळी देवाणघेवाण या थरातून होते आणि फार सावकाश होते. बाहेरचं पाणी जोरात वाहत असलं की थर आणखी पातळ होतो आणि प्रवाळाचं बरं चालतं. म्हणून टाकीत जेवढं पाणी असेल त्याच्या वीस ते चाळीस पट पाणी दर तासाला हलतं ठेवावं, असं या छंदातले लोक सांगतात. मी तीस पट धरले. ताशी वीस हजार लिटरच्या वर! एवढं पाणी जाणार कुठं, असं तिनं विचारलं. कुठंच नाही, तिथल्या तिथं फिरणार, असं मी म्हणालो. यावर ती काहीच बोलली नाही, हे मला लागलं.

बरं, नुसत्या जोरानंही भागत नाही. एकाच दिशेनं सरळ झोत बसत राहिला तर प्रवाळाचं मांस निघतं आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. पाणी दिशा बदलणारं, भोवरे घेणारं, बेशिस्त हवं. ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळाला असा धिंगाणा मानवतो. मशरूम कोरलला त्याचाच जाच होतो, त्याला निवांत कोपरा लागतो. आणि कोपरा फारच निवांत झाला तर तिथे घाण साचून शेवाळ धरतं.

या बाबतीत माझं मन बसलं होतं ते पूर्वी होनोलुलूच्या वायकीकी ॲक्वेरियममध्ये असलेले ब्रूस कार्लसन यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या युक्तीवर. टाकीच्या वर एक पिंप ठेवायचं आणि पंपानं ते हळूहळू भरायचं. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की सायफन आपोआप सुरू होतो आणि अख्खं पिंप धाडकन टाकीत रिकामं होतं. मग पुन्हा भरायला लागतं. खडकावर लाट फुटल्याचा अनुभव प्रवाळाला घरबसल्या!

"रात्रीसुद्धा?" बायकोनं विचारलं.

लाटा रात्रीही असतात, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. पिंप बारगळलं. त्याऐवजी वेव्हमेकर नावाचे छोटे पंप टाकीच्या दोन बाजूंना, आतून काचेला लोहचुंबकानं बसवायचे आणि त्यांनी आळीपाळीनं पाणी ढवळायचं, असं ठरलं.

आतलं असं मार्गी लागलं. खरी गोम बाहेर होती. टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. स्किमर (फेस काढून पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र), हीटर आणि जे जे दिसायला नको ते सगळं तिथं. वरचं पाणी ओव्हरफ्लो बॉक्सच्या दातेरी काठावरून सांडतं, पाइपातून संपात उतरतं, तिथं साफ होतं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर ढकलतो. या फेऱ्याला घाई नसते; तासाला टाकीच्या पाच पट, म्हणजे ३४०० लिटर पुरतात. फक्त पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा. पाणी वर चढवायचं नसेल तर पंप कशाला घ्यायचा, हे खोक्यावर छापलेलं नसतं. जसजशी उंची वाढते तसतसा तो आकडा उतरत जातो आणि एका उंचीला पंप नुसता गुरगुरतो, पाणी येत नाही.

त्यात एल्बो. एक इंची पाइपाचा एक काटकोनी एल्बो सुमारे पाऊण मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. बोलावलेल्या प्लंबरचं या एल्बोवर मनापासून प्रेम होतं. पाइप कसा भिंतीला धरून, कोपऱ्यात वळून, देखणा गेला पाहिजे. त्याच्या मार्गात सहा एल्बो होते, म्हणजे साडेचार मीटर पाइप घरात न आणताच बसणार होता. मी म्हणालो, "दादा, आपण सरळ वर जाऊ."

"साहेब, उघडं दिसेल."

"कपाटात आहे. दिसणार कुणाला?"

"मला दिसेल ना," तो म्हणाला. कारागिराचा हा बाणा मला आवडला. एल्बो दोनावर आले.

मग त्यानं पिशवीतून पितळी व्हॉल्व्ह काढला. पितळेत तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. आयुष्यभर टिकेल, असं तो सांगत होता. कुणाचं आयुष्य, हा प्रश्न मी गिळला आणि सगळं काम पीव्हीसीतच करायचं म्हणून सांगितलं. भोकांवरून पुन्हा घोळ. एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर भरतो आणि तो न गळता काचेतून काढायला बल्कहेड नावाचा जो एक इंची जोड लागतो, त्याच्यासाठी भोक पावणेदोन इंचांचं. या धंद्यात इंच हे माप नसून आडनाव आहे. काच टफन्ड असेल तर ड्रिल टेकताच तिचा चुरा होतो, म्हणून आधी ती साधी आहे ना याची खातरजमा. मग हिऱ्याची धार लावलेला होल सॉ, वरून पाण्याची धार, आणि हातात अजिबात जोर नाही. भोक पडेपर्यंत घरात कोणी शिंकलंही नाही. बल्कहेडचा वॉशर फ्लँजच्या, म्हणजे पसरट काठाच्या, बाजूला, नट हातानं आवळायचा आणि वर पाव फेरा. पाना दिसला की काच घाबरते.

पाइप चिकटवायचं सोल्युशन लावण्याआधी त्यानं सगळी जोडणी एकदा कोरडी लावून बघितली, मागे सरकून उभा राहिला आणि बोटानं हवेत एक गोल काढला. "म्हणजे साहेब, वरचं पाणी खाली जाणार आणि खालचं परत वर?"

"हो."

"मग पहिल्यापासून वरच ठेवलं असतं तर?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण त्याला स्किमरपासून सुरुवात करावी लागली असती.

आवाजाचंही बघायचं होतं. एकाच उघड्या पाइपातून पाणी हवेसकट खाली गेलं, तर रात्रभर कपाटात कोणीतरी चूळ भरत बसल्यासारखं वाटतं. यावर छंदिष्टांनी शोधलेल्या उपायांची नावं हर्बी आणि बीनॲनिमल अशी आहेत. हर्बीत दोन पाइप: एक पाण्यानं गच्च भरलेला, गेट व्हॉल्व्हनं आवळून पूर्ण सायफनवर चालणारा, म्हणून मुका, दुसरा आणीबाणीसाठी कोरडा. बीनॲनिमलमध्ये तीन: एक गच्च, एक जेमतेम ओघळणारा आणि एक कोरडा. मी बीनॲनिमल घेतलं. ज्या घरात एका प्रश्नाला नेहमी तीन मतं असतात, तिथं तेच शोभतं.

आराखडा पुरा झाला तेव्हा बायकोनं वही हातात घेतली, सगळे बाण वर-खाली तपासले आणि विचारलं, "लाइट गेली तर?"

लाइट गेली की पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. जो पाइप पाणी वर नेत होता तोच उलटा सायफन होऊन वरचं पाणी खाली ओढायला लागतो, त्याचं तोंड उघडं पडून हवा घेईपर्यंत. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. तोंड दोन इंच बुडालेलं असेल तर ५६ लिटर खाली येणार, वर पाइपातलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं. तेवढी मोकळी जागा संपात कायम राखून ठेवायची. तोंड हौसेनं तळाशी नेलं असेल तर खालच्या मजल्यावर समुद्र.

"मग एकच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो ना? एनआरव्ही?" ही माहिती तिला प्लंबरनं पुरवली होती.

असतो. पण त्याच्या झडपेत एखादी बारकी गोगलगाय बसली की झडप मिटत नाही. म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडतात; पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळानं बुजतं, म्हणून ते ब्रशनं साफ करत राहावं लागतं.

"म्हणजे आपलं घर गोगलगायीच्या आणि तुमच्या आठवणीच्या भरवशावर."

त्यापेक्षा संप मोठा घेणं सोपं होतं. घेतला.

"आणि खाली उतरणाराच पाइप तुंबला तर?"

तिन्ही तुंबले तर पंप आपला वर ढकलतच राहणार आणि टाकी काठावरून वाहणार. म्हणून पंप ज्या कप्प्यात बसतो तो कप्पाच लहान ठेवायचा. त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकीच्या मोकळ्या काठात मावलं पाहिजे. आमच्याकडे वर दीड इंच मोकळा, म्हणजे ४२ लिटर, तेव्हा कप्पा त्याहून लहान. पण कप्पा लहान केला की बाष्पीभवनानं त्यातलीच पातळी भराभर उतरते, कारण बाकीच्या पातळ्या काठांनी धरलेल्या असतात. मीठ उडून जात नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ती घालायला सेन्सर.

"आणि तो सेन्सर अडकला तर?"

गोड्या पाण्याचं पिंपही लहान घेतलं. याच न्यायानं पुढे गेलो असतो तर टाकीही लहान होत होत वाटीवर आली असती.

पहिली चाचणी साध्या पाण्यावर करतात; चुकलं तर निदान मीठ वाया जात नाही. पाणी भरलं, पंप चालू केला, कपाटात थोडी खळखळ झाली, सायफन धरला गेला आणि आवाज बंद. मी गेट व्हॉल्व्हला शेवटचा एक केसभर फेरा देत होतो, तेवढ्यात घरभर अंधार. बायकोनं मेन स्विच स्वतःच, न सांगता पाडला होता. ती टॉर्च घेऊन आली आणि आम्ही दोघं कपाटापुढे गुडघे टेकून बसलो. संपातलं पाणी चढत गेलं, चढत गेलं, पाइपाच्या तोंडातून सूं करून हवा शिरली आणि काठाखाली चार बोटांवर पाणी थांबलं.

"चार बोटं," ती म्हणाली. "माझ्या बोटांनी मोजली तर जास्त."

स्विच वर केला, सगळं आपापलं सुरू झालं. मी पाना आवरायला लागलो. ती टाकीच्या उजव्या कोपऱ्यात टॉर्च मारून वाकली होती.

"अहो, हा कण मघापासून इथंच आहे. इथं पाणी फिरत नाहीये."

"असू दे. खडक लावले की सगळं बदलेलच."

"असू दे कसं? घाण साचेल, शेवाळ धरेल." तिनं माझी वही घेऊन कोरं पान उघडलं. "तो डावा वेव्हमेकर दोन बोटं खाली घ्या. आणि तोंड भिंतीकडे करा."

कुणाचं, हे मी विचारलं नाही.