‘असमान कॉइल’ नावाचं गुपित

हंबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा, दोन कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) पिकअप; दोन्ही कॉइल मिळून हम, म्हणजे विजेची घुमघुम, कापतात. गिब्सनच्या जुन्या पीएएफ (‘पेटंट अप्लाइड फॉर’) हंबकरच्या मोकळ्या आवाजाचं गुपित म्हणजे असमान कॉइल, असा दावा गिटारवाल्यांत सतत फिरतो. एका कॉइलवर दोन-तीनशे वेढे जास्त घ्या, आवाज खुलतो आणि हमही वाढत नाही, म्हणे. यात थोडं तथ्य आहे. पण त्याच्या जोरावर नको ते विकलं जातं.

तफावत मुद्दाम ठेवली होती? नाही. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी पेटंटचा अर्ज केला तो हम घालवण्यासाठी. वेढे मोजण्यात काटेकोरपणा नसल्याने काही पिकअपमध्ये फरक पडला, काहींत जवळपास पडलाच नाही.

थोड्या तफावतीने आवाज खुलतो? इथे आकडेमोड करायलाच हवी. दोन कॉइलमध्ये साधारण १८ मिमी अंतर असतं. ज्या हार्मोनिकची (मूळ सुरासोबत तारेत वाजणाऱ्या उंच सुराची) अर्धी तरंगलांबी तेवढीच, तो एका कॉइलवर वर आणि दुसरीवर खाली असतो, म्हणून कटतो. गिब्सनच्या स्केलवर (कंप पावणाऱ्या तारेच्या लांबीवर) खुल्या जाड ई तारेसाठी ही जागा २.९ किलोहर्ट्झच्या आसपास येते; बारीक ई तारेसाठी थेट ११ किलोहर्ट्झच्या वर, जिथवर गिटारचा स्पीकर पोचतच नाही. म्हणजे फरक पडला तर जाड तारांवर. तोही किती? ५००० आणि ५३०० वेढे धरले, तर त्या जागी एकूण सिग्नलच्या जेमतेम ३ टक्के उरतं. कटल्याने आवाजात पडलेल्या खड्ड्याचा फक्त तळ भरतो. उलट वाढवलेल्या वेढ्यांमुळे इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइलचा विरोध) वाढतो, रेझोनन्स (पिकअप सर्वांत जोरात वाजतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो आणि आवाज किंचित जाडच होतो.

हम वाढत नाही, हेही खरं नाही. ते ३०० वेढे ज्यांच्याशी कटतील असं समोर काहीच नसतं. एकट्या ५००० वेढ्यांच्या कॉइलपेक्षा हा हम सुमारे २४ डेसिबल खाली, पण जास्त गेनवर (अ‍ॅम्पने सिग्नल खूप वाढवल्यावर) तो जाणवतो. तफावत ठळक ऐकू येईल इतकी वाढवा, हमही त्याच प्रमाणात वाढेल.

मीटरवरच्या ओहमवरून (कॉइलच्या रोधावरून) तफावत ठरवणं तर सोडूनच द्या. कॉइलच्या तारेची जाडी, ताण, तापमान, सगळ्याने तो आकडा हलतो.

आणि कॉइलचा तोल बदलायचाच असेल, तर कॉइलमधले, गिटारच्या तारांखालचे स्क्रू वर-खाली करा किंवा पिकअप किंचित तिरपा बसवा. तारेचा सिग्नल दोन कॉइलमध्ये असमान होतो, वेढे मात्र तेवढेच राहतात. म्हणून हम कटतच राहतो.