डिझेल कधीच खराब होत नाही? त्या व्हॉट्सॲप मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले पंधरा दिवस तो मेसेज आमच्या बडोद्यात सगळीकडे फिरतोय, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दांडिया बाजारातल्या गणपती मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिझेल कधीच खराब होत नाही, कितीही वर्षं ठेवा. काळं पडलं तरी घाबरू नका. पाणी शिरलं असेल तर मूठभर मीठ टाका. ताकद कमी वाटली तर दहा लिटरला एक लिटर पेट्रोल आणि चार डांबरगोळ्या टाका. आणि तरीही इंजिन घेत नसेल तर वाळवीवर ओता नाहीतर गटारात सोडा. खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, सतरा वर्षं जनरेटर सर्व्हिसिंगचं काम करतोय आणि हा मेसेज वाचून मला खरंच भीती वाटली, कारण यातलं एक वाक्य तर माणसं जाळू शकतं. आणि बडोद्यात आत्ता जुनं डिझेल पुष्कळ पडलंय. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला, कितीतरी भागांत दोन-दोन तीन-तीन दिवस लाइट नव्हती, पाण्याचे पंप बंद, लिफ्ट बंद, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी कॅन भरभरून डिझेल आणलं, बॅरल आणले. पाणी ओसरलं, लाइट आली, आणि डिझेल तसंच पार्किंगच्या कोपऱ्यात राहिलं. आमच्या सोसायटीतही तेच झालं, दोनशे लिटरचा एक बॅरल दीड वर्ष तसाच उभा.

आता पहिलं वाक्य, डिझेल कधीच खराब होत नाही. यात थोडं खरं आहे ते आधी मान्य करतो. पेट्रोलसारखं ते उडून जात नाही, आणि बंद, कोरड्या, गार जागी, स्वच्छ टाकीत ठेवलेलं चांगलं डिझेल वर्षभर सहज टिकतं, कधी जास्तही. पण आपल्याकडे गार जागा कुठे आहे सांगा, मे महिन्यात बडोदा 42-43 डिग्रीला जातं आणि पत्र्याच्या शेडखाली तर त्याच्याही वर. जितकी उष्णता तितकं हवेतल्या ऑक्सिजनशी डिझेलचं लवकर जमतं, त्यातून डिंकासारखा चिकट पदार्थ आणि बारीक गाळ तयार होतो. म्हणून आम्ही लोकांना सांगतो की उघड्यावरच्या साठ्याला सहा महिने धरा, त्यापुढे तपासल्याशिवाय वापरू नका. तांब्याची नळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला जीआयचा डबा असेल तर आणखी लवकर, कारण हे धातू ती प्रक्रिया ढकलतात. हे मला स्वतःला धंद्यात येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं, तोपर्यंत मीही जीआयच्या टाक्या बसवून देत होतो.

पण खरा शत्रू पाणी. बॅरल अर्धा रिकामा असला की वरच्या मोकळ्या जागेत हवा, पावसाळ्यात ती दमट, रात्री पत्रा गार पडला की आतून थेंब धरतात आणि डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते थेंब सरळ तळाला जाऊन बसतात. वरून बघाल तर डिझेल छान पिवळसर दिसेल. आणि तळाला जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात तिथे जीव वाढतात, हो, खरोखरचे जीव, बॅक्टेरिया आणि बुरशी. एका बुरशीचं नावच आहे हॉर्मोकोनिस रेझिनी, विमानांच्या इंधनटाक्यांतसुद्धा ती सापडलेली आहे. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. मागच्या वर्षी कारेलीबागेत एका बिल्डिंगचा जनरेटर तीन मिनिटं चालून बंद पडायचा, फिल्टर उघडला तर आत काळा बुळबुळीत थर, बोटाला चिकटणारा, आणि वास कुजलेल्या अंड्यासारखा. तिथल्या काकांनी विचारलं की भाऊ, हे ग्रीस कुणी टाकलं? कुणीच टाकलं नव्हतं, ते टाकीतच वाढलं होतं. हे जीव आम्लही तयार करतात आणि टाकीचा तळ आतून खातात, मग एक दिवस जमिनीवर ओल दिसते तेव्हा कळतं.

काळं पडलं तरी चालतं, हे दुसरं वाक्य. आमच्या सेक्रेटरींचंही तेच, 'चालशे, चालशे', म्हणजे चालेल, चालेल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात लोकांनी वाट्टेल ते जाळलंय आणि ते चाललंय, म्हणून हा समज पसरलाय. पण आताची इंजिनं ती नाहीत. 1 जुलै 2023 पासून नवीन जनरेटरना केंद्रीय प्रदूषण मंडळाचे धुराबाबतचे सीपीसीबी फोर प्लस नियम लागू झालेत, त्यामुळे बऱ्याच नव्या मशिनांत कॉमन रेल, म्हणजे प्रचंड दाबाने इंधन देणारी पद्धत, आलीय, दीड-दोन हजार बारचा दाब आणि इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाच्या, आतली फट दोन-चार मायक्रॉनची, आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. डिझेल काळपट, गढूळ दिसतंय म्हणजे त्यात न विरघळलेला कचरा तरंगतोय, तो आधी फिल्टर चोक करणार आणि फिल्टरमधून सुटला तर इंजेक्टर घेऊन जाणार.

मिठाचं काय सांगू. पाणी तसंही तळाला बसतं, त्याला बसवायला मीठ लागत नाही, दोन दिवस बॅरल हलवू नका, झालं. मीठ टाकलं की तळाचं पाणी खारं होतं, लोखंड आणखी वेगाने गंजायला लागतं, आणि मिठातलं सोडियम थोडंसं जरी इंधनाबरोबर पुढे गेलं तरी इंजेक्टरच्या आत साबणासारखे थर धरतात. ज्याने हे लिहिलं त्याने इंजेक्टर कधी उघडून पाहिलेला नाही.

आता पेट्रोल. इथे मात्र कृपा करून नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. नुसत्या डिझेलच्या टाकीत, डिझेल थंड असताना, वरच्या हवेत वाफ इतकी विरळ असते की ठिणगी पडली तरी सहसा पेटत नाही. नुसत्या पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. आणि डिझेलमध्ये थोडंसं पेट्रोल मिसळलं की टाकीतली वाफ नेमकी त्या मधल्या प्रमाणात येते, जी एका ठिणगीने फुटते. म्हणजे मेसेजमधला 'दहाला एक' हा डोस इंजिनला ताकद देणारा नाही, टाकीचा फटाका करणारा आहे. त्यात आपल्याकडे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो, स्टँडर्डप्रमाणे कमीत कमी 35 डिग्री असला की चालतो, म्हणजे उन्हात तापलेला बॅरल तसाही धोक्याच्या सीमेवर असतो, पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट तर शून्याच्याही 40 डिग्री खाली. आणि हा बॅरल कुठे असतो? पार्किंगमध्ये, मीटरच्या बोर्डाजवळ, जिथे पोरं क्रिकेट खेळतात. इंजिनचं नुकसान वेगळंच, पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलच देतं, पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं. रॉकेल मिसळण्याचंही वंगणाच्या बाबतीत तेच.

डांबरगोळ्यांची गंमत वाटेल पण ती गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. डिझेल किती पटकन पेट घेतं ते सिटेन नंबरने मोजतात, बीएस-सिक्स डिझेलला, म्हणजे हल्ली पंपावर मिळतं त्याला, तो किमान 51 लागतो. ही मोजपट्टी बनवली तेव्हा एका टोकाला सिटेन नावाचा पदार्थ घेतला, तो शंभर, आणि शून्याच्या टोकाला घेतलं अल्फा-मिथाइलनॅफ्थलीन. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन हे त्याचं सख्खं भावंड. म्हणजे डिझेलमध्ये सगळ्यात वाईट पेटणाऱ्या जातीचा पदार्थ आपण ताकदीसाठी टाकतोय! आणि बाजारातल्या बऱ्याच गोळ्या हल्ली नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात, त्यात क्लोरीन, ते जळलं की आम्ल तयार होतं आणि ते सायलेन्सरपर्यंत सगळं खात जातं.

वाळवीवर ओतायचा सल्ला आपल्या जुन्या शहरातल्या लाकडी घरांसाठी तर फारच वाईट. डिझेल ज्या वाळवीला लागेल ती मरेल, पण राणी आणि वारूळ खाली जमिनीत सुरक्षित असतं, आठ दिवसांत परत रांग लागते. तुळईत मात्र डिझेल मुरून बसलेलं असतं, आणि त्याच तुळईवरून चाळीस वर्षं जुनी वायरिंग गेलेली असते. गटाराचं विचाराल तर आपल्या पावसाळी गटारांचं पाणी जातं कुठे, विश्वामित्रीत, जिथे मगरी राहतात, कासवं राहतात, आणि पुराच्या वेळी तीच नदी आपल्या घरात येते. बंद गटारात वाफ साचून आग लागू शकते ते निराळंच.

मग करायचं काय. आमच्या बॅरलचं काय केलं तेच सांगतो. आधी साठा कायद्यात बसतो का ते पाहिलं, पेट्रोलियम कायद्यात ज्वलनशीलतेप्रमाणे वर्ग आहेत, डिझेल त्यातल्या क्लास बी मध्ये येतं, एका जागी 2,500 लिटरपर्यंत आणि एक भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नसेल तर लायसन्स लागत नाही, तेव्हा आमचे दोनशे लिटर ठीक. दोन दिवस बॅरल हलवला नाही. मग काठीच्या टोकाला वॉटर पेस्ट लावून तळापर्यंत घातली, पेट्रोल पंपावाले टाकीतलं पाणी बघायला वापरतात तीच, पाणी लागलं की रंग बदलतो. आमचा रंग चार बोटं बदलला. मग वरून, मधून आणि तळातून काचेच्या तीन बाटल्यांत नमुना घेतला आणि उजेडात धरला, वरचे दोन स्वच्छ आणि पारदर्शक, तळाचा ढगाळ, मध्ये काळे तंतू. सेक्रेटरींना त्या तीन बाटल्या हातात दिल्या, काही बोलायची गरज पडली नाही.

वरचं साधारण दीडशे लिटर हातपंपाने काढलं, नळी तळापासून वीतभर वर ठेवून, आधी दहा मायक्रॉन आणि मग पाणी वेगळं करणाऱ्या दोन मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. सोसायटीच्या नव्या जनरेटरमध्ये त्यातला एक थेंबही टाकू दिला नाही. पादरा गावाजवळ माझ्या मामांच्या शेतावर जुनं स्लो-स्पीड इंजिन आहे, तिथे चार भाग ताजं आणि एक भाग हे असं मिसळून हळूहळू वापरतोय, दर आठवड्याला फिल्टरचा वाडगा उघडून बघतो. आतापर्यंत ठीक आहे, वाडग्यात पाणी दिसलं तर थांबवणार. पुराचं पाणी थेट टाकीत शिरलं असेल तर मात्र हा खटाटोपही करू नका, त्यात गाळ आणि गटार दोन्ही असतं, ते सगळंच काढून द्या.

तळाचं पन्नासेक लिटर झाकणाच्या ड्रममध्ये भरलं, वर मोठ्या अक्षरांत 'खराब डिझेल, पाणी मिश्रित' लिहिलं, उन्हापासून लांब ठेवलं आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरला फोन केला. पहिल्या दोघांनी एवढ्या कमी मालासाठी गाडी पाठवणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा शेजारच्या दोन सोसायट्यांना विचारलं, त्यांच्याकडेही पुराच्या वेळचे कॅन निघाले, तिघांचं मिळून एका फेरीपुरतं झालं. गेल्या शनिवारी गाडी येऊन घेऊन गेली, पावती सोसायटीच्या फाइलमध्ये लावलीय. तुमच्या पार्किंगमध्ये असा ड्रम असेल तर आधी काठी आणि वॉटर पेस्ट आणा, आणि शेजारच्या बिल्डिंगमध्येही विचारून ठेवा.