पाणी उतरणारच, पण किती वेगानं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरचा (धरणामागं पसरलेल्या पाण्यावरचा) माझा लेख वाचून तुम्ही धरणाखालच्या पंढरपूरहून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उजनी तळं नाही, धरण आहे. पाणी वापरायलाच अडवलंय. बादलीतून पाणी काढलं की ती रिकामी होणारच, त्यावर गळा कशाला काढायचा? शिवाय पाणी उतरलं की रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात हे मीच लिहिलंय, मग तक्रार नेमकी कसली?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथंच आहे. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, वाकडी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. धरण काठोकाठ भरलं आणि जानेवारी उजाडली तरी तसंच राहिलं, तर फुगवट्याकाठच्या भिगवण-कुंभारगावला त्याला पाय टेकायला जागा नसते. पाणी हळूहळू ओसरलं तर रोज नवी उथळ पट्टी मिळत जाते. तेच भराभर ओसरलं तर चिखल वाळून भेगाळतो, त्यातले किडे मरतात आणि पक्षी दुसरीकडे जातात. तेव्हा तक्रार पाणी उतरण्याची नाही, वेगाची आहे.

आता तुमची बादली. उजनी बादली नाही हो, परात आहे! पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर, मृतसाठ्याची (एरवी न वापरायच्या तळच्या पाण्याची) 491.03. म्हणजे 53 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त उपयुक्त पाणी जेमतेम सहा मीटर उंचीत पसरलंय. कोयनेसारख्या अरुंद दरीत पाणी मीटरभर खाली गेलं तर काठ फारसा हलत नाही. इथल्या सपाट रानात तो कुठल्या कुठे जातो. मग करमाळ्या-इंदापूरचा शेतकरी मोटार उचलून पाण्यामागं धावतो. वाढीव पाइप, वाढीव केबल, जेसीबी लावून चारी. यातल्या कितीतरी घरांची मूळ जमीन याच पाण्याखाली आहे, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच आलं नाही.

2023 च्या पावसाळ्यात धरण 60 टक्क्यांच्या आसपासच भरलं. जानेवारी 2024 मध्ये साठा वजात, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेला आणि जूनपर्यंत (उपयुक्त साठ्याच्या हिशोबानं) वजा 60 टक्क्यांच्या घरात पोचला, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी संपलं. एरवी पाण्याखाली असलेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, बघ्यांची झुंबड उडाली, रील्स निघाल्या. मोटारींचा खर्च मात्र कुणाच्या रीलमध्ये दिसला नाही. उरलेल्या पाण्यात मुळा-मुठेतून आलेली पुण्याची घाण आणखी दाट होते, ते वेगळंच. मासेमारांची जाळी सुरुवातीला भरून येतात, कारण मासळी थोड्या पाण्यात कोंडलेली असते. बाहेरच्याला वाटतं चंगळ आहे. पण बारीक जाळ्यात पिल्लंही निघतात, आणि पुढचा हंगाम तिथंच कापला जातो.

पाणी अवेळी चढलं तरीही तेच. 2025 च्या मे अखेरीस दौंड, बारामती, इंदापूरला धो धो पाऊस झाला. नदी सुरय, टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि गाळपेराचा (पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला) मका-कडवळही त्याच पट्ट्यात असतो. मे महिन्यात पाणी चढलं की दोन्ही एकदमच जातात. पाऊस कुणाच्या हातात नाही, हे मान्य. आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, मात्र आपल्या हातात आहे.

तुमचं पाणी तोडा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. आषाढीला चंद्रभागेत पाणी हवंच, सोलापूरला प्यायलाही हवं. पण शहरासाठी नदीतून सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं आणि किती उपसलं जातं, हे तुम्ही नदीकाठी राहता, तुम्हाला मी काय सांगू? मागणी एवढीच की आवर्तन ठरवताना फुगवट्यावरचा शेतकरी आणि मासेमारही बैठकीला असावा, पाणी कधी आणि किती उतरणार हे काठावर आधी कळावं, आणि शक्य तेव्हा ते एकदम न उतरवता टप्प्याटप्प्यानं उतरवावं. यात पंढरपूरचं काय बुडतं ते सांगा, त्यावर जरूर बोलू.